अलेप्पोच्या गव्हाच्या रानातून सांगलीच्या पिंजऱ्यात

सांगली-मिरजेकडे सोनेरी हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा कुरतडणारा प्राणी, पाळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. आईनं पिल्लं खाल्ली, पिंजरा कुरतडून पळाला, जोडीतला एक सकाळी मेलेला सापडला. हा प्राणी पहिल्यांदा माणसाच्या हाताखाली आला, त्या १९३० सालीच हे तिन्ही प्रकार घडून गेले होते.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटरहाउस यांनी १८३९ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिलं, तेही सीरियातल्या अलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून. पुढची नव्वदेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी वळलं नाही. मग जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले परजीवीतज्ज्ञ सॉल ॲडलर यांना काळा आजाराच्या (परजीवीमुळे होणाऱ्या एका तापाच्या) अभ्यासासाठी हॅमस्टर हवे झाले. चिनी हॅमस्टर मागवले तर ते पिंजऱ्यात व्यायचे नाहीत. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी एप्रिल १९३० मध्ये अलेप्पोजवळ गव्हाचं रान खोदायला लावलं. एक मादी आणि तिची अकरा पिल्लं हाती लागली.

पेटीत घालताच मादीनं एका पिल्लाला चावून मारलं. बाकीची वाचावीत म्हणून अहरोनींनी तिलाच सायनाइडनं संपवलं आणि पिल्लं हातावर वाढवली. विद्यापीठाच्या प्राणिगृहात ती लाकडी तळाच्या पिंजऱ्यात ठेवली. रात्रीत पाच जण तळ कुरतडून पसार. उरलेल्यांत एका नरानं मादी मारली. एवढं होऊनही मोजक्या भावंडांपासून वर्षभरात दीडशेच्या घरात प्रजा झाली. १९३१ मध्ये ती ब्रिटनला आणि १९३८ मध्ये अमेरिकेत पोचली. आज पिंजऱ्यात दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळपास सगळे त्या एकाच वेताचे वंशज.

कुरतडणं ही त्याची खोड नाही. पटाशीचे दात जन्मभर वाढतात. पुढून कडक एनॅमल (दाताचं वरचं कवच), मागून त्याहून मऊ डेंटिन (कवचाखालचा थर). मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला छिन्नीसारखी धार राहते. झीज थांबली तर दात वाकडे वाढून खाणंच बंद पडतं. तेव्हा पिंजरा तारेचा किंवा काचेचा असावा, आणि आत चावायला रंग-पॉलिश न लावलेला लाकडाचा तुकडा हवाच.

आपल्या शेतातल्या उंदराचा हा सख्खा नव्हे, चुलत घराण्यातला. उंदीर, घूस आणि माळावरचे जर्बिल (उंदरासारखेच छोटे प्राणी) एका कुळातले. हॅमस्टरचं कूळ वेगळं, त्याचे जवळचे नातलग म्हणजे थंड मुलखातले लेमिंग आणि व्होल हे उंदरासारखे छोटे प्राणी. साठवण मात्र दोन्हीकडे आहे. घुशीचं बीळ उकरून धान्याची कणसं काढलेली ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नवी नाहीत. घूस ती तोंडात धरून नेते, हॅमस्टरला खांद्यापर्यंत जाणाऱ्या गालपिशव्या असतात.

‘जोडी’ हीच मुळात चूक. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन संशोधकांनी सीरियात बिळं मोजली, तेव्हा एका बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ कुठेच सापडला नाही. बिळं ३६ ते १०६ सेंटीमीटर खोल होती. पिल्लं चार आठवड्यांची झाली की नर-माद्या वेगळ्या करायच्या आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र घर द्यायचं. उशीर झाला तर मारामारी, नाहीतर गर्भ. आणि गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा. व्यायल्यावर दोन आठवडे घरट्याला हात लावू नये. पाणी किंवा प्रथिनं कमी पडली, सारखी उचल-ठेव झाली, तर मादी पिल्लं खाते.

बिळातला गारवा हेच त्याचं उन्हापासूनचं संरक्षण. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत पिंजरा ठेवणं म्हणजे त्याला भट्टीत घालणं. किमान २५ सेंटीमीटर भुसा, त्यात पालथी घातलेली मातीची कुंडी आणि बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा, एवढं तरी करावं. अंगावर पाणी मारू नये.

महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत उलटंच होतं. खोली फार गार पडली तर हॅमस्टर शीतनिद्रेत जातो. अंग थंडगार, श्वास मिनिटाला एखाददुसराच. मेला समजून पुरण्याआधी त्याला ओंजळीत धरून अर्धा तास हळूहळू ऊब द्यावी आणि मिशा हलतात का ते बघावं.