फाईल न उघडणे (संगणक)

फाईल अपुरी असणे, कुलूपबंद असणे, चुकीच्या प्रोग्रॅमच्या हाती पडणे किंवा ती ज्यावर साठवली तो पेन ड्राइव्हच बिघडणे, या वेगवेगळ्या बिघाडांमुळे फाईल उघडत नाही. विदर्भातल्या खेड्यांत, सेवा केंद्राच्या काउंटरवर, या साऱ्यांसाठी तक्रार मात्र एकच असते: ‘भाऊ, फाईल खुलून नाही राहिली.’

आधी मूळ फाईल तशीच ठेवून तिची प्रत काढावी. सगळे प्रयोग प्रतीवर. मग आकार पाहावा. शून्य केबी दिसत असेल तर आत काहीच नाही, दुरुस्तीत वेळ घालवू नये. पावसाळ्यात, पीकविम्याच्या मुदतीच्या दिवसांत, रेंज गेली की डाउनलोड अर्ध्यावर तुटते. अशी फाईल पुन्हा उतरवणे हाच उपाय. व्हॉट्सॲपवर आलेली असेल तर पाठवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये ती उघडते का, हे आधी विचारावे.

नावाच्या शेवटचे टिंबापुढचे अक्षरगट (एक्स्टेन्शन) बदलून फाईलीचा प्रकार बदलत नाही. पोर्टल जेपीजी मागते म्हणून पीडीएफला ‘जेपीजी’ असे नाव देणारे अर्जदार कमी नाहीत. खरा प्रकार फाईलीच्या पहिल्या काही बाइट्सवरून कळतो. संशयित फाईल नोटपॅडमध्ये उघडावी: सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही रोमन अक्षरे दिसली तर ती पीडीएफ. ‘पीके’ दिसली तर झिप (अनेक फाईली दाबून एकत्र बांधलेली फाईल), किंवा ऑफिस २००७ पासूनची वर्ड-एक्सेल फाईल, कारण ती आतून झिपच असते. ही दोन अक्षरे झिप घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. विंडोज एक्स्टेन्शन मुळात लपवून ठेवते. ही सोय कमी आणि धोका जास्त, कारण पीडीएफसारखी दिसणारी फाईल प्रत्यक्षात चालू होणारा प्रोग्रॅम असू शकते.

ई-आधारची पीडीएफ बिघडलेली नसते, ती पासवर्ड मागते: आधारवरील इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसणे हाही बिघाड नव्हे. संगणकातल्या पीडीएफ रीडरने त्या सहीच्या प्रमाणपत्राची अजून खातरजमा केलेली नसते, एवढेच.

ग्रामपंचायतीच्या जुन्या नोटिसा आणि ठराव दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ दाखवतात. हे काम कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टचे. त्यांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते. फॉन्ट नसला की मूळ रोमन अक्षर उघडे पडते. मजकूर शाबूत असतो. तोच फॉन्ट टाकावा किंवा परिवर्तकाने (फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने) युनिकोड करून घ्यावे. अख्खे रजिस्टर पुन्हा टाइप करायला बसणे हा वेळेचा अपव्यय.

वीज जाण्याचा बिघाड सगळ्यांत वाईट. एनटीएफएस ही विंडोजची साठवण-पद्धत फाईलींची नोंद जपते, आतल्या मजकुराची हमी देत नाही. म्हणून लिहिता लिहिता लाईट गेली की कधी आकार बरोबर आणि आत नुसती शून्ये, अशी फाईल हाती येते; तिच्यात परत मिळवण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी वर्डने मध्ये मध्ये आपोआप साठवलेली ऑटोरिकव्हर प्रत शोधावी. मजकूर अंशतः खराब असेल तर वर्ड आणि एक्सेलच्या ‘ओपन’ खिडकीत, ओपन बटणाशेजारच्या बाणाखाली, ‘ओपन अँड रिपेअर’ असते. झिपची अनुक्रमणिका फाईलीच्या शेवटी असल्याने शेवट तुटलेली वर्ड फाईल उघडत नाही, तरी सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमने आतला मजकूर कधी कधी निघतो.

पेन ड्राइव्हवर फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसू लागले तर ते व्हायरसचे काम. मूळ फोल्डर बहुधा लपवलेले असतात, पुसलेले नसतात. ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विंडोजने विचारले तर नाही म्हणावे आणि आधी रिकव्हरी प्रोग्रॅम चालवावा. पत्रिका-बॅनरच्या दुकानांत कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ती नव्या आवृत्तीतूनच जुन्या स्वरूपात सेव्ह करून आणावी लागते.