खिमा, गोमांसाचा (अमेरिकेतील)

गोवंशाच्या जनावराचे कच्चे मांस त्यातील चरबीसह यंत्रातून बारीक काढले की होणारा पदार्थ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नियमांनुसार त्यात चरबी ३० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये आणि पाणी किंवा पीठ-भुशासारखी भर घालता येत नाही. ‘हॅम्बर्गर’ या नावाने विकताना वेगळी सुटी चरबी मिसळण्यास मुभा आहे. नुसता ‘खिमा’ म्हणून विकताना ती नाही.

हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतील हँबर्ग बंदरावरून आले, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो खिम्याची चकती पावात प्रथम कोणी घातली याचा. विस्कॉन्सिनमधील सिमोर आणि न्यूयॉर्क राज्यातील हँबर्ग ही गावे १८८५ हे साल सांगतात, तर कनेक्टिकटमधील न्यू हेवन १९०० च्या सुमाराचे. हे दावे बव्हंशी मागाहून सांगितलेल्या आठवणींवर उभे आहेत. पावाविना खाल्ला जाणारा ‘हॅम्बर्ग स्टेक’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी उपाहारगृहांत मिळत होता. पाव त्याला पुढे अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जोडला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लहान कौटुंबिक शेतावरील खिमा आणि कारखान्यातील खिमा यांतला मूळ फरक मिसळणीचा आहे. लहान खाटीकखान्यात धड काही दिवस थंड खोलीत टांगून मुरवतात आणि बहुधा एकाच जनावराचे खांदा, मान, पुठ्ठा असे भाग एकत्र काढतात. कारखान्यात फीडलॉटवर (जनावरे कोंडून धष्टपुष्ट करण्याच्या आवारात) धान्य खाऊन पोसलेल्या जनावरांची चरबीदार छाटण आणि दूध आटलेल्या गायींचे किंवा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांतून गोठवून आणलेले कमी चरबीचे मांस ठरावीक प्रमाणात मिसळतात. त्यामुळे प्रत्येक खोक्यात चरबीचे प्रमाण तंतोतंत सारखे राहते. मात्र एका चकतीत अनेक जनावरांचे मांस असते. दोष सापडला तर तो कोणत्या जनावरापासून आला, हे शोधणे त्यामुळेच कठीण होते.

अखंड तुकड्यात जीवाणू बहुतेक पृष्ठभागावरच असतात आणि तव्यावर मरतात. खिमा काढताना तोच पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृह साखळीतील अर्धवट शिजलेल्या चकत्यांतून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जीवाणूची लागण होऊन ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुले दगावली. १९९४ मध्ये कच्च्या खिम्यातील हा जीवाणू कायद्याने भेसळ ठरला. ही तरतूद चार मुलांच्या मृत्यूनंतर आली, हे विसरता येत नाही. हा जीवाणू निरोगी जनावराच्या आतड्यातही राहतो, म्हणून कातडे सोलताना आणि आतडे काढताना हात किती स्वच्छ, हे शेताच्या आकारापेक्षा महत्त्वाचे. खिमा कुठलाही असो, तो ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावा, अशी शासकीय शिफारस आहे. रंगावरून निदान करू नये. काही चकत्या सुरक्षित तापमान गाठण्याआधीच आतून तपकिरी होतात.

कच्च्या खिम्याच्या रंगाबद्दलही गैरसमज फार. पाकीट उघडल्यावर वरचा थर लाल आणि आतला जांभळट-करडा दिसला, की मांस शिळे आहे अशी शंका घेतात. प्रत्यक्षात मायोग्लोबिन हे रंगद्रव्य हवा मिळाली की लाल होते, हवेविना जांभळट राहते आणि काही काळाने तपकिरी पडते. कारखान्यातील काही पाकिटांत अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड भरतात. त्याने लाली बराच काळ टिकते, म्हणून तिच्यावरून ताजेपणा ठरत नाही. खाटीकखान्यातून गोठवून आणलेला, कागदात गुंडाळलेला खिमा करडा निघतो आणि उगाच नाकारला जातो. वास आणि चिकटपणा हीच भरवशाची लक्षणे.

छाटण कोमट करून, गरगर फिरवून चरबी वेगळी काढायची आणि उरलेल्या बारीक मांसावर अमोनिया वायू सोडायचा, या पद्धतीवर २०१२ मध्ये मोठा गदारोळ झाला. अशा मांसाचे ‘गुलाबी चिखल’ हे टोपणनाव तेव्हाच घरोघरी पोचले. शासनाने ही पद्धत सुरक्षित मानली. परंतु असे मांस मिसळल्याचा उल्लेख वेष्टनावर सक्तीचा नव्हता, हा ग्राहकांचा आक्षेप रास्तच होता.

गवतावर वाढलेल्या जनावराची चरबी पिवळसर असते (गवतातील बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्यामुळे) आणि तिच्यात ओमेगा-३ मेदाम्ले जास्त असतात. मात्र माशांच्या तुलनेत हे प्रमाण थोडेच. लहान शेत म्हणजे गवतच, असेही नाही. पुष्कळ शेतकरी शेवटचे काही महिने धान्य घालतात. अमेरिकी कृषी विभागाने ‘गवतावर पोसलेले’ या दाव्याचे आपले ऐच्छिक मानक २०१६ मध्ये मागे घेतले.

मालकाने स्वतःसाठी कापून घेतलेल्या जनावराला १९०६ च्या मांसतपासणी कायद्याखालील नित्य तपासणीतून सूट आहे. अशा पाकिटांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. जिवंत जनावराचा पाव किंवा अर्धा हिस्सा आधीच विकत घेऊन अनेक कुटुंबे याच वाटेने वर्षभराचा खिमा घरी आणतात.