बर्फात एक्सपोजर कमी करायचं? नाही हो, उलटं!

बर्फ फार चमकतो म्हणून फोटो काढताना एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, कमी करा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो साफ चुकीचा आहे. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं, साधारण 18 टक्के प्रकाश परत फेकणारं आहे असंच धरून चालतं, त्यामुळे फ्रेमभर पांढरं दिसलं की ते आपणहूनच फोटो काळपट करतं, बर्फ ओल्या सिमेंटसारखा येतो, आणि त्यात तुम्ही अजून कमी केलंत तर संपलंच.

उदाहरण घ्या, अमेरिकेत वायोमिंग राज्यात जॅक्सनजवळ नॅशनल एल्क रेफ्यूज हे अभयारण्य आहे, 1912 पासूनचं, हिवाळ्यात तिथे हजारो एल्क उतरतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून मोठं हरीण, अंग फिकट तपकिरी पण मान एकदम गडद, आणि एक्सपोजर कमी पडलं की पहिली ती मानच जाते, केसांत अडकलेले बर्फाचे कण, डोळ्यातली चमक, सगळं एका काळ्या डागात जातं. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली +/- सेटिंग, +1 ने सुरुवात करा, ऊन आणि बर्फ दोन्ही भरपूर असेल तर +2 पर्यंत जा, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, उजवीकडे सरकू दे, फक्त कडेला आपटू देऊ नका. प्राण्यानेच फ्रेम भरली की मात्र परत कमी करा, कारण आता पांढरं उरलेलंच नसतं.

आणि प्लीज, जवळ जाऊ नका. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये एल्कपासून 25 यार्ड, म्हणजे जवळपास 23 मीटर लांब राहायचा नियमच आहे. हिवाळ्यात ते साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात, खोल बर्फातून उगाच पळवलं तर तीच खर्च होते.