परदेशी राज्यघटनांचा ऑनलाइन शोध आणि ‘अधिकृत पाठा’चा गुंता : पार्श्वभूमी

आपली राज्यघटना घडत असताना संविधान सभेच्या सल्लागारांनी परदेशी घटनांमधील तरतुदी संकलित करून सदस्यांना पुस्तिकारूपाने दिल्या होत्या, आणि १९४७ मध्ये ते स्वतः अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन येथे जाऊन तेथील जाणकारांशी बोलून आले होते. त्यानंतरची चार-पाच दशके नाशिकच्या अभ्यासकासाठी परदेशी कायदा म्हणजे मुंबईच्या ग्रंथालयातले जाडजूड खंड होते. सकाळची पंचवटी पकडायची, दिवसभर हाताने उतारे काढायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने नाशिकरोडला उतरायचे, असा तो क्रम असे. अमेरिकेत १९७३ पासून पैसे भरून न्यायनिर्णय शोधण्याची संगणकीय सेवा मिळत होती, पण तिचा इकडच्या कोणाला उपयोग नव्हता.

फरक पडला तो १९९२ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या विधी विभागाने कायदे इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यास सुरुवात केली. १९९५ मध्ये सिडनीतील दोन विद्यापीठांनी ऑस्ट्रेलियासाठी तेच केले, आणि २००२ मध्ये माँट्रियल येथे अशा संस्थांनी एकत्र येऊन सार्वजनिक कायदेविषयक माहिती हा मानवजातीचा सामाईक वारसा असल्याचे जाहीर केले. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत बसून दक्षिण आफ्रिकेची घटना फ्लॉपीवर उतरवून घेणारी आमची पिढी याच काळातली. फाईल मोठी असली की ती दोन फ्लॉप्यांवर तोडून घ्यावी लागे आणि घरी आल्यावर हमखास दुसरी फ्लॉपी उघडत नसे. भारतीय निकालांसाठी एका अभियंत्याने वैयक्तिक प्रयत्नातून उभारलेले शोधयंत्र २००८ मध्ये आले. त्याच्या आदल्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असल्याचे, मात्र प्रकाशकाने कौशल्य व विवेक वापरून घातलेल्या काही संपादकीय भरीवर त्याचा हक्क असल्याचे ठरवले होते. ती कसोटी ठरवताना कॅनडातील २००४ च्या एका निकालाचा आधार घेण्यात आला, ही गोष्ट परदेशी कायदा कशाला वाचायचा असे विचारणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो.

२०१३ मध्ये जगातील बहुतेक अमलात असलेल्या राज्यघटना इंग्रजीतून, विषयवार शोधता येतील अशा रीतीने एका संकेतस्थळावर आल्या आणि मिळवण्याचा प्रश्न जवळजवळ संपला. मिळालेला मजकूर नेमका कोणता आणि कोणत्या तारखेपर्यंतचा, हा प्रश्न मात्र तेव्हापासून वाढतच गेला आहे. या संकेतस्थळावर प्रत्येक घटनेच्या शीर्षकात ती कोणत्या वर्षीची आणि कोणत्या वर्षापर्यंतच्या दुरुस्त्यांसह आहे हे दिलेले असते. त्याच पानावर फाईल तयार झाल्याची तारीखही छापलेली असते, आणि विद्यार्थी नेमकी तीच उचलतात. येथील एका पदव्युत्तर प्रबंधात मी पाहिले की, तळटिपेत काल-परवाची तारीख होती आणि उद्धृत केलेली तरतूद मध्यंतरी बदललेली होती. लेखकाने लबाडी केली नव्हती. यंत्राने फाईल बनवल्याची तारीख हीच मजकुराची तारीख, असा त्याचा समज झाला होता.

याहून अवघड गुंता ‘अधिकृत’ या शब्दाचा आहे. सरकारने छापले म्हणून अधिकृत, की मतभेद झाल्यास जो पाठ ग्राह्य धरायचा तो अधिकृत, या दोन अर्थांची मराठीत सर्रास सरमिसळ होते. दुसऱ्या अर्थासाठी ‘प्राधिकृत पाठ’ हा शब्द आहे, पण तो राजपत्राबाहेर क्वचितच दिसतो. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेचे उदाहरण घेतले तर फरक लगेच कळतो. तिचे आयरिश आणि इंग्रजी असे दोन्ही पाठ सरकारी आहेत, परंतु नोंदवलेल्या प्रतीत विसंगती आढळल्यास आयरिश पाठ वरचढ ठरतो. राष्ट्रपतिपदाच्या वयाबाबत इंग्रजी पाठ पस्तिसाव्या वर्षात पोहोचलेल्या व्यक्तीबद्दल बोलतो, तर आयरिश पाठाला पस्तीस वर्षे पूर्ण झालेली हवी असतात. पस्तिसावे लागले आणि पस्तीस पूर्ण झाली यांतला फरक आपल्याकडे घरातली आजीही सांगेल, पण केवळ इंग्रजी पाठ उतरवून घेणाऱ्या अभ्यासकाचे उत्तर एका वर्षाने चुकते. दक्षिण आफ्रिकेत मात्र उलट आहे. तेथे अनेक भाषांतील पाठांत विसंगती असल्यास इंग्रजी पाठ प्रमाण. त्या घटनेला पूर्वी ‘१९९६ चा अधिनियम १०८’ म्हणत, आणि २००५ च्या कायद्याने तो क्रमांक काढून टाकला, तरी जुन्या पानांवरून तो आजही आपल्या तळटिपांत येत राहतो. नेपाळच्या घटनेवर वर्ष २०७२ असते आणि ती २०१५ मध्ये जारी झालेली असते. विक्रम संवत ठाऊक असलेल्यालाही शोधताना क्षणभर थबकावे लागते.

आपली स्थितीही फारशी सोपी नाही. हिंदी पाठाला घटनेतच स्थान मिळाले ते १९८७ च्या अठ्ठावन्नाव्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३९४क मुळे, आणि तो अनुच्छेद केवळ हिंदीबद्दल बोलतो. शासनाने प्रसिद्ध केलेला मराठी अनुवाद उत्तम आहे, ऑनलाइन सहज मिळतो आणि अभ्यासिकांतून तोच वाचला जातो; तरीही शब्दार्थावर वाद उभा राहिला तर इंग्रजी पाठ उघडावाच लागतो.

न्यायालयात ‘अधिकृत’ या शब्दाला आणखी वजन येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३८ नुसार परदेशी कायद्याबाबत मत बनवताना त्या देशाच्या सरकारच्या प्राधिकाराने छापलेल्या पुस्तकातील मजकूर सुसंगत ठरत असे. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३२ ने त्यात इलेक्ट्रॉनिक व डिजिटल स्वरूपाची भर घातली, आणि बातम्यांनी तेवढेच उचलले. ‘त्या देशाच्या सरकारच्या प्राधिकाराने’ हे शब्द मात्र जागच्या जागी आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अनुवाद कितीही काटेकोर असला तरी तो या शब्दांत सहजी बसत नाही. त्यामुळे जुन्या आग्रा रोडवरील जिल्हा न्यायालयात परदेशी तरतूद सिद्ध करायची झाल्यास वकिलाला त्या देशाच्या सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळापर्यंत पोहोचावे लागते किंवा त्या कायद्याचा तज्ज्ञ गाठावा लागतो, आणि असा तज्ज्ञ बहुधा मुंबईतच भेटतो.