फायरप्लेसआधी धुराची वाट

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. थंडीवर जाळाचा उतारा नाशिककरांना नवा नाही. तरी इथल्या जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात भिंतीतली फायरप्लेस सहसा दिसत नाही. थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची, दुपारी ऊन. तेवढ्यापुरती निखाऱ्यांची शेगडी पुरे. चूल स्वयंपाकघरात, धूर कौलांच्या फटींतून नाहीतर धुराड्यातून बाहेर. जाता जाता तो तुळयांना कीड लागू देत नसे, म्हणून त्याला हाकलायची घाईही नव्हती.

युरोपातही आधी घराच्या मधोमधच जाळ असे आणि धूर छपरातल्या भोकातून जाई. जाळ भिंतीत गेला तो बाराव्या शतकाच्या सुमारास, किल्ल्यांतून. इंग्लंडमध्ये 1662 साली घरातल्या चुलाण्यांवर कर बसला, तो 1689 मध्ये उठला. तोवर चिमण्या खूप झाल्या होत्या, पण बहुतेक खोलीतच धूर ओकत. ते दुखणं काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने ओळखलं. 1796 च्या निबंधात त्याने सांगितलं की जाळाचा कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या घ्या, धुराचा गळा अरुंद ठेवा. ऊब खोलीत परावर्तित होते आणि धूर वेगाने वर ओढला जातो. आजची चांगली फायरप्लेस याच तत्त्वांवर उभी आहे.

साहेबाबरोबर ती सिमल्याला, उटीला आली. आता गंगापूर धरणाकडच्या, त्र्यंबक रस्त्यावरच्या फार्महाऊसमध्ये हौसेने बसवली जाते. नेमकी इथे इतिहासाची आठवण हवी. धुराची ओढ नळीतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर उणे पाच असताना जी चिमणी सुरेख ओढते, ती नाशिकच्या बारा अंशांत ढिली पडते. म्हणून इथे फ्लू, म्हणजे धूर वर नेणारी नळी, उंच, सरळ आणि शक्यतो घराच्या आतून नेलेला हवा. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेला फ्लू गार राहतो. अमेरिकेतला नियम असा: चिमणी छपरातून जिथे निघते तिथून किमान 3 फूट वर, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट उंच. फ्लूचं आतलं क्षेत्रफळ कोनाड्याच्या तोंडाच्या साधारण दहावा भाग.

हे सगळं स्लॅब पडण्याआधी नकाशात यायला हवं. आधी स्लॅब टाकून मग भोक पाडायचं आणि सळ्या चुकवत पाइप वाकवायचा, हे मला अजिबात पटत नाही. प्रत्येक वळणावर ओढ कमी होते, काजळी साचते. ओलं लाकूड जाळलं तर डांबरासारखा थर धरतो आणि तोच एक दिवस नळीत पेट घेतो. बाभळीचं चांगलं वाळलेलं सरपण आणि दर पावसाळ्यानंतर फ्लूची सफाई, याला पर्याय नाही.

राहता राहिली शहराची हवा. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचं नाव आहे. दाट वस्तीच्या कॉलनीत, शेजारच्या गच्चीला लागून लाकडाची फायरप्लेस बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे विजेचा हीटर बरा.