टँकवरचा उग्र वास स्वच्छतेचा नव्हे

बेळगाव, निपाणीकडे पोरांना पोहायला सोडणारे पालक हमखास म्हणतात, "क्लोरीनचा वास येतोय ना, मग पाणी स्वच्छ आहे." आणि तिथला लाइफगार्ड खोकू लागला की निदान ठरलेलं: बेळगावची दमट हवा बाधली.

नीट राखलेल्या टँकला वास जेमतेम येतो. नाकात झोंबतं ते क्लोरामाइन. अंघोळ न करता उडी मारणाऱ्यांचा घाम आणि (सांगायला लाज वाटते, पण) पाण्यातच उरकलेली लघवी, यांतल्या युरियाशी क्लोरीनची गाठ पडली की ट्रायक्लोरामाइन नावाचं क्लोरामाइन तयार होतं. ते पाण्यात टिकत नाही, हवेत उडतं आणि बंदिस्त टँकवर पाण्यालगत साचतं. उघड्या टँकवर वारा ते बरंचसं वाहून नेतो. पोहणारा तासाभरात घरी जातो, प्रशिक्षक मात्र दिवसभर तीच हवा ओढतो. स्वतः पाण्यात न उतरणाऱ्यालाही दमा जडतो तो असा. २००२ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी दोन लाइफगार्ड आणि एका प्रशिक्षकाच्या दम्याचा संबंध याच क्लोरामाइनशी जोडून दाखवला.

मग हवामानाचा दोष की कामाचा? सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी वाटते आणि कामावर गेलं की पुन्हा घरघर, असं होत असेल तर संशय कामावर घ्यावा. बेळगावच्या हवेला साप्ताहिक सुट्टी नसते. डॉक्टरांना नोकरी कुठे करता ते आवर्जून सांगावं. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांचं पीक फ्लो मीटरचं (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायच्या छोट्या यंत्राचं) रीडिंग वहीत लिहून नेलं तर उत्तमच.