लिव्हरला रेडिएशन चालतच नाही? अर्धंच खरंय ते

कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला की रेडिएशन देताच येत नाही, लिव्हर जळतं, असं अजूनही सर्रास सांगतात. अख्ख्या लिव्हरला बाहेरून शेक द्यायचा तर खरंय, साधारण ३० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) पुढे त्याला झेपत नाही आणि कॅन्सरची गाठ नष्ट करायला जास्त लागतं. पण इट्रियम-९० या किरणोत्सारी पदार्थाच्या उपचारात मांडीतल्या नाहीतर मनगटातल्या धमनीतून नळी घालून त्याचे केसाहून बारीक मणी लिव्हरच्या धमनीत सोडतात, गाठी बहुतेक रक्त याच धमनीतून घेतात आणि चांगलं लिव्हर पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर), म्हणून मणी गाठीतच जास्त अडकतात. किरण सरासरी अडीच मिलीमीटर जातात, दर ६४ तासांनी जोर निम्मा. जादू नाही हां, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच केमोसोबत देऊन एकूण आयुष्य वाढलं नाही, हे २०१७ च्या ट्रायल्समध्ये दिसलं. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते रक्तातलं पिवळं द्रव्य) फार वाढलेलं असेल तर बहुतेकदा देतही नाहीत.